हात न लावता पोहोचणारी उष्णता : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: मध्ये काही नसताना, कशालाही कशाचा स्पर्श नसताना उष्णता इकडून तिकडे कशी जाते आणि तिला अडवायचं कसं. निवडक आठ पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण नागपुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

प्रश्न : आमचं घर महालात, वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात रात्री दहा-अकरा वाजता कूलर चालू, खिडक्या उघड्या, पंखा फुल्ल, तरी उताणं झोपलं की तोंडावर वरून आग येते. गरम हवा वर जाते असं शाळेत शिकलो. मग ही उष्णता खाली कशी येते? आणि गच्चीवर चुना मारावा, हिरवी नेट बांधावी की पाणी टाकावं? (गृहिणी, महाल)

शाळेत शिकलात ते बरोबर आहे. छताला चिकटलेली गरम हवा हलकी असते, म्हणून ती वरच राहते. हवेतून वहनाने, म्हणजे कणाकणाच्या स्पर्शाने, येणारी उष्णताही नगण्य, कारण हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. अभिसरण (हवा हलून उष्णता जाणं) नाही, वहन नाही, मग उरतं प्रारण. तापलेल्या छताचा आतला पृष्ठभाग सतत अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे, किरण बाहेर टाकत असतो. ते मधल्या हवेला फारसं न तापवता सरळ येतात आणि तुमच्या कातडीत शोषले जातात.

खात्री करून घ्यायची असेल तर उताणं झोपून चेहऱ्याच्या दीड फूट वर एक पुठ्ठा आडवा धरा. आच तत्क्षणी थांबते. पुठ्ठा बाजूला करा, तत्क्षणी परत येते. गरम हवेचा त्रास असा एका क्षणात चालू-बंद होत नाही.

कूलर इथे कमी का पडतो, हेही यातच आहे. कूलर हवा गार करतो. पण शरीराला जाणवतं ते हवेचं तापमान आणि भोवतालच्या भिंती, छत, फरशी यांचं सरासरी तापमान या दोहोंच्या मधलं काहीतरी. हवा संथ असेल तर जवळजवळ निम्मं-निम्मं. घरातल्या तापमानाला लागू पडणारा ढोबळ हिशेब असा की दोन पृष्ठभागांत एक अंश फरक असेल तर दर चौरस मीटरमागे सुमारे ६ वॅट उष्णता प्रारणाने जाते. दहा बाय बाराच्या खोलीचं छत ११ चौरस मीटर भरतं. रात्री छत ४२ अंशांवर आणि खालच्या वस्तू ३५ वर असतील तर ११ गुणिले ७ गुणिले ६, म्हणजे साधारण ४६० वॅट. अर्ध्या किलोवॅटचा हीटर डोक्यावर उलटा टांगून झोपल्यासारखंच हे आहे, आणि पंखा तो हीटर बंद करू शकत नाही.

आता रात्रीच का? पाच इंची आरसीसी स्लॅबमधून उष्णतेची लाट खालपर्यंत यायला तीन-चार तास लागतात. वर वीटबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असेल तर आणखी दोन-तीन. दुपारी एक-दोनला गच्चीने घेतलेलं ऊन संध्याकाळी सहानंतर छताच्या आतल्या बाजूला पोहोचतं आणि मध्यरात्रीपर्यंत खोलीत उतरत राहतं. नागपूर २१ अक्षांशाच्या थोडं वर आहे. त्यामुळे २६ मेच्या सुमारास दुपारी बाराच्या थोडं नंतर सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली दिसत नाही. आडव्या गच्चीला वर्षातलं सगळ्यात सरळ ऊन याच दिवसांत मिळतं आणि आभाळही तेव्हा बहुधा निरभ्र असतं. नवतप्याचा त्रास घरातही जाणवतो तो म्हणून.

उपायांत पहिला मान चुन्याचा, आणि त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. पृष्ठभागाचे दोन गुण वेगवेगळे मोजावे लागतात. एक, तो उन्हाचा किती भाग शोषतो. दोन, स्वतः तापल्यावर अवरक्त किरणांनी किती उष्णता टाकून देतो, म्हणजे त्याची उत्सर्जकता (शून्य ते एक या मापात). डोळ्याला रंग दिसतो त्याचा संबंध मुख्यतः पहिल्याशी आहे. करडं सिमेंट उन्हाचा ६०-६५ टक्के भाग शोषतं, ताजा चुना २०-२५ टक्के. दुपारच्या ९०० वॅट उन्हात हा फरक साधारण ५८५ विरुद्ध २२५ वॅट प्रति चौरस मीटर असा पडतो. दुसऱ्या गुणात मात्र चुना आणि सिमेंट बरोबरीचे आहेत, दोघांची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास. म्हणजे चुना ऊन कमी घेतो आणि जे घेतो ते झपाट्याने आभाळाकडे परत फेकतो. स्लॅबच्या वरच्या बाजूला दुपारी १०-१५ अंशांचा आणि रात्री छताच्या आतल्या बाजूला ३ ते ५ अंशांचा फरक पडणं ही वाजवी अपेक्षा आहे. वरचा हिशेब परत करून पाहा: छत ४२ ऐवजी ३८ झालं की ४६० चे २०० वॅट होतात.

५०० चौरस फूट गच्चीला दोन हातांसाठी १०-१२ किलो कळीचा चुना लागतो. गच्ची खडबडीत असेल तर थोडा जास्त. किलोला ५ लिटर पाणी या हिशेबाने लोखंडी ड्रममध्ये चुना विझवा. चुना पाण्यात हळूहळू घाला, उलटं करू नका. तो उकळून अंगावर उडतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. प्लास्टिकची बादली या उष्णतेने वाकते. २४ तास मुरू द्या, जाड कापडातून गाळा, मग दर १० लिटरमागे १०० ते २०० मिली फेविकॉल किंवा विरघळवलेला डिंक घाला. गच्ची झाडून, धुऊन, ओली असतानाच पहिला हात संध्याकाळी मारा, दुसरा पुढच्या संध्याकाळी, पहिल्याला काटकोनात. होळीनंतरचा आठवडा यासाठी चांगला.

चुना पोपडे धरतो किंवा पावडर होऊन हाताला लागतो, त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक, धूळ न धुता मारलेला. दोन, भर दुपारी तापल्या स्लॅबवर मारलेला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो. पाणी पाच मिनिटांत उडून गेलं तर तो घट्ट न होता नुसता वाळतो. वावटळीची धूळ बसली की चुन्याचं शोषण ४० टक्क्यांपर्यंत जातं, म्हणून एप्रिलअखेर एकदा गच्ची झाडून पुसून घ्यावी. जूनच्या पावसात बराच चुना धुऊन जातो. गच्चीचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडा.

हिरवी नेट उपयोगी आहे, पण ती गच्चीवर अंथरू नका. अंथरलेली नेट स्वतः तापते आणि ती उष्णता स्पर्शानेच स्लॅबला देते. ७५ टक्के सावलीची नेट सहा-सात फुटांवर ताणून बांधा, चारी बाजू मोकळ्या ठेवा. नेट तापून खालीही प्रारण करतेच, पण तिच्या दोन्ही अंगांनी वारा जातो आणि बराच भाग घेऊन जातो. सिग्नलवर बांधतात त्या नेटखाली उभं राहिल्यावर जे जाणवतं तेच गच्चीला मिळतं.

पाण्याचा उपाय खरा आहे, फक्त त्यात पाण्याची नासाडी फार होते. ५०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब १३-१४ टन वजनाचा असतो. त्याला ५ अंश गार करायला हिशेबाने २५ लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. मेमध्ये नागपूरची हवा कोरडी असल्याने वाफ भराभर होते, पण तिच्यातली काही उष्णता हवेतूनही घेतली जाते, म्हणून ५०-६० लिटर धरा. पाइपने ५०० लिटर ओतलं तरी मोरीतून वाहून गेलेलं पाणी त्या कामाचं फारसं नाही. जुनी पोती अंथरून ती सूर्य मावळल्यावर झारीने भिजवा. भर दुपारी ६० अंशांच्या स्लॅबवर गार पाणी ओतलं की वरचा थर एकदम आकसतो आणि केसासारख्या चिरा पडतात. पावसाळ्यात गळती तिथूनच सुरू होते.

तिन्हींत निवड करायची तर आधी चुना, मग जमल्यास नेट. पाणी फक्त अगदी कडक आठवड्यांत.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे, वर टिनाचं शेड. दुपारी कामगार टिनाखाली उभे राहू शकत नाहीत. कोणी म्हणतं चंदेरी रंग मारा, कोणी म्हणतं आतून बबल फॉइल लावा. फॉइलची चमकदार बाजू वर करायची की खाली? (वर्कशॉपचालक)

आधी रंगाचं. चंदेरी रंग मारू नका, पांढरा मारा. चमकणारी वस्तू गार राहते ही समजूत उन्हाच्या बाबतीत अर्धीच खरी आहे. ॲल्युमिनियमचा रंग ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण त्याची उत्सर्जकता कमी असल्याने घेतलेली उष्णता तो आभाळाकडे टाकू शकत नाही आणि तापत जातो. नवा कोरा जस्ताचा पत्रा चकचकीत असून हात लावू देत नाही, त्याचंही कारण हेच. पांढरा छताचा रंग दोन्ही गुणांत चांगला. गंजलेला पत्रा असेल तर तारेच्या ब्रशने गंज काढून, प्रायमर मारून मगच रंग द्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे निघतील.

आता बबल फॉइल, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकला चिकटवलेली ॲल्युमिनियमची चमकदार चादर. ७० अंशांवर तापलेला पत्रा ४० अंशांवरच्या माणसाकडे आणि यंत्रांकडे दर चौरस मीटरला २०० वॅटच्या आसपास निव्वळ उष्णता टाकतो. त्याच्याखाली ०.०५ उत्सर्जकतेची स्वच्छ फॉइल असेल तर प्रारणाचा आकडा १०-१५ वॅटवर येतो. हे दोन्ही आकडे केवळ प्रारणाचे आहेत. शेडमधली हवा गरम राहील ती राहीलच, तिच्यासाठी वर टर्बो व्हेंटिलेटर आणि खाली हवा यायला जागा लागते.

चमकदार बाजू खाली करा. हे ऐकून लोक चकित होतात, कारण फॉइल आरशासारखी वरची उष्णता परतवते एवढंच त्यांना ठाऊक असतं. पण फॉइलचा दुसरा गुणही तितकाच मोठा आहे: ती स्वतः तापली तरी खाली किरण टाकत नाही. वर केलेल्या चमकदार बाजूवर सहा महिन्यांत धूळ बसते आणि धुळीची उत्सर्जकता ०.९ असते, म्हणजे चमक संपली. खालच्या बाजूवर धूळ टिकत नाही. दोन्ही बाजू चमकदार असलेली मिळाली तर उत्तमच.

पत्रा आणि फॉइल यांच्यात किमान एक इंच मोकळी जागा हवी. फॉइल पत्र्याला थेट चिकटवली तर वरच्या बाजूची चमक वाया जाते, कारण तिथे उष्णता स्पर्शानेच जाते. बुडबुड्यांचा थर या कामात दुय्यम आहे. काम चमक आणि हवेचा पडदा करतात. आधी पर्लिनखाली (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांखाली) जाळी ताणा, तिच्यावर फॉइल सोडा, नाहीतर ती मधे लोंबते आणि वाऱ्याने फाटते. जोडावर चार ते सहा इंच एकावर एक घेऊन ॲल्युमिनियम टेपने बंद करा. एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे: ॲल्युमिनियम वीज वाहतं. शेडमधल्या उघड्या, कापलेल्या, जुन्या वायरी आधी पाइपात घाला, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि फॉइलचं काम सुरू असताना मेन स्विच बंद ठेवा. कामगाराच्या जिवापुढे दोन दिवसांचं उत्पादन मोठं नाही.

प्रश्न : पश्चिमेच्या मोठ्या काचेच्या खिडकीला जाड पडदे लावले, तरी खोली तापते. का? (मनीषनगर)

पडदा आत आहे म्हणून. ऊन काचेतून सहज आत येतं, पडद्यावर पडतं आणि पडदा तापतो. तापलेला पडदा जे लांब लहरींचे अवरक्त किरण टाकतो ते काच बाहेर जाऊ देत नाही. उष्णता आत आली ती आलीच. हेच ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर तापलेली वस्तू बाहेरच्या हवेत गार होते. बांबूची चिक, खसची ताटी किंवा नेट, काहीही चालेल, पण काचेबाहेर आणि काचेपासून चार-सहा इंच सोडून. गाडीच्या काचेलाही हाच नियम: बाहेरून टाकलेलं कव्हर आतल्या चंदेरी पडद्यापेक्षा जास्त काम करतं.

प्रश्न : मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश तापमान गेल्याची बातमी आली आणि मग ती चूक ठरली. माझ्या गच्चीवरचा थर्मामीटरही दुपारी ५५ च्या वर दाखवतो. मग खरं काय? (निवृत्त शिक्षक, प्रतापनगर)

ती नोंद एका स्वयंचलित केंद्राची होती आणि संवेदकात बिघाड होता, असं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. नागपूरचा नोंदलेला उच्चांक ४७.९ अंश आहे, २३ मे २०१३ चा.

तुमच्या थर्मामीटरची गोष्ट वेगळी. तो बिघडलेला नसेलही, पण तो हवेचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. उन्हात ठेवलेला थर्मामीटर सूर्याकडून थेट आणि तापलेल्या गच्चीकडून खालून असं दुहेरी प्रारण घेतो. हवामान खात्याचे थर्मामीटर म्हणूनच स्टीव्हन्सन पेटीत असतात: पांढरा रंग, दुहेरी झडपांच्या भिंती, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंची, आणि ऊन आत पडू नये म्हणून दार उत्तरेला. झडपांमुळे वारा आत खेळतो, पण किरणांना सरळ वाट मिळत नाही.

घरी मोजायचं असेल तर उत्तरेच्या व्हरांड्यात, जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर थर्मामीटर लटकवा. भिंतीला टेकवू नका. भिंत आणि थर्मामीटर यांच्यामध्ये फॉइल लावलेला पुठ्ठा ठेवा. वारा नसेल तर वाचण्याआधी पाच मिनिटं छोटा पंखा सोडा.

तुमच्यासारख्या जिज्ञासू वाचकाला आणखी एक सुचवतो. टेबल टेनिसच्या चेंडूला भोक पाडून त्यात थर्मामीटरचं टोक मधोमध बसवा, भोक बंद करा आणि चेंडूला चमक नसलेला काळा रंग द्या. रात्री हा चेंडू आणि एक साधा थर्मामीटर खोलीच्या मधोमध, पंखा बंद करून, वीस मिनिटं शेजारी टांगा. चेंडू जितका जास्त दाखवेल तितकं छत आणि भिंती तुमच्यावर प्रारण करताहेत. चुना मारण्याआधी आणि नंतर हे मोजून ठेवलंत तर चुन्याचं काम आकड्यात दिसेल. पंखा चालू ठेवलात तर वारा चेंडूला हवेच्या तापमानाकडे ओढतो आणि फरक खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

प्रश्न : इतवारीत आमचा मिठाईचा कारखाना आहे. नवी लेझर थर्मामीटर गन घेतली. दूध उकळतंय, पण स्टीलच्या कढईवर बाहेरून नेम धरला तर ४८ अंश दाखवते. गन खराब आहे का?

गन बहुधा ठीक आहे, नेम चुकीच्या वस्तूवर आहे. ही गन वस्तूकडून येणारे अवरक्त किरण मोजते आणि वस्तूची उत्सर्जकता ०.९५ आहे असं धरून तापमान काढते. चकचकीत स्टीलची उत्सर्जकता ०.१ ते ०.२. म्हणजे कढईकडून येणाऱ्या किरणांतला मोठा भाग कढईचा नसून तिच्यात परावर्तित झालेल्या भिंतींचा आणि तुमचा असतो. १०० अंशांच्या कढईला ३५ अंशांच्या खोलीत ४५-५० दाखवणं हे हिशेबाला धरूनच आहे. लाल ठिपका फक्त नेम दाखवतो, मोजणीशी त्याचा संबंध नाही.

दूध, पाक, तेल यांवर थेट नेम धरा. त्यांची उत्सर्जकता ०.९५ च्या जवळ असते. पण वाफेतून मोजू नका, वाफ मध्ये आली की आकडा कमी येतो आणि भिंगावर ओलावा धरतो. तिरकं, वाफ बाजूला जाईल अशा दिशेने मोजा. गन वरचा थरच पाहते, म्हणून आधी झाऱ्याने ढवळा. संत्रा बर्फीच्या पाकासाठी तर एक-दोन अंशांनीही फरक पडतो, तिथे गनवर विसंबू नका, टोचायचा थर्मामीटर वापरा. कढईचंच तापमान हवं असेल तर बाहेरच्या अंगाला, ज्वाळा लागत नाही तिथे, रुपयाएवढा ठिपका सायलेन्सरला मारतात त्या काळ्या रंगाचा द्या आणि त्यावर नेम धरा. वायरीची काळी टेप थंड नळ्यांवर चालते, उकळत्या कढईवर ती वितळून सुटते.

गनवर १२:१ असं लिहिलेलं असेल तर ६० सेंटीमीटरवरून ती ५ सेंटीमीटरचं वर्तुळ पाहते. लांबून मोजलं की वर्तुळात शेजारची भट्टीही येते. आणि एसीच्या खोलीतून गन थेट भट्टीजवळ नेली तर पहिली वीस-तीस मिनिटं तिचे आकडे धरू नका.

प्रश्न : स्टीलचा थर्मास दोन वर्षांत निकामी का झाला? चहा तासाभरात कोमट होतो.

दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली ही रचना केली: पोकळीमुळे वहन आणि अभिसरण थांबतं, आतल्या चकचकीत भिंतींमुळे प्रारण. पोकळीत हवा शिरली की पहिले दोन परत सुरू होतात. उकळतं पाणी भरून झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग सगळीकडून गरम लागलं तर थर्मास गेला, दुरुस्त होत नाही. फक्त गळ्याशी गरम असेल तर दोष झाकणाच्या रबरी वॉशरचा आहे, तो बदलून मिळतो.

प्रश्न : काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. थंडीच्या रात्री थर्मामीटर ५-६ अंश दाखवतो, तरी कलमांचे शेंडे जळतात. झाडाखालची कलमं मात्र वाचतात. धूर करावा का?

उन्हाळ्यात जे छत तुमच्यावर प्रारण करतं त्याची हिवाळ्यातली उलट बाजू ही. रात्री पान आभाळाकडे किरण टाकत असतं. ढग असतील तर तेही बरीच उष्णता परत पाठवतात. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर परत येतं ते कमी. वारा पडलेल्या रात्री पान हवेपेक्षा २ ते ५ अंश खाली जातं. थर्मामीटर हवा मोजतो, पान सोसतं ते याहून कमी. मोठ्या झाडाखालच्या कलमाला आभाळ दिसत नाही, पानं दिसतात, म्हणून ते वाचतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान ३.५ वर गेलं होतं. अशा रात्री उघड्यावरच्या पानावर दव गोठू शकतं.

धुराचा भरवसा धरू नका. धुराचे कण या लांब लहरींच्या मानाने फार बारीक असतात आणि किरण त्यातून बऱ्याच प्रमाणात निघून जातात. धूर दिसतो दाट, अडवतो थोडं. त्यापेक्षा संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री खालून वर पोहोचवते. कडक थंडीच्या दिवसांत कलमांच्या बुडातलं तणसाचं (वाळलेल्या पेंढ्याचं) आच्छादन बाजूला ओढा, कारण ते मातीची ऊब वर येऊ देत नाही. कलमांवर मात्र वरून छप्पर करा: चार काड्या रोवून त्यावर पोतं किंवा तुऱ्हाट्या, पानाला न टेकता. टेकलेलं पोतं स्वतः गार होतं आणि पानालाही गार करतं. सकाळी ऊन आलं की काढून ठेवा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात प्रारण दाखवायचं आहे. कमी खर्चात काय करता येईल? (दहावीची विद्यार्थिनी, धरमपेठ)

दोनशे वर्षांपूर्वीचाच प्रयोग कर, अजून त्याच्याइतका स्पष्ट दुसरा नाही. विल्यम हर्षल यांनी १८०० साली लोलकाच्या वर्णपटात लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे थर्मामीटर चढताना पाहिला. १८०४ साली जॉन लेस्ली यांनी वेगवेगळ्या पृष्ठभागांच्या पात्रांत गरम पाणी भरून कोण किती उष्णता टाकतं ते मोजलं. तुझा प्रयोग लेस्लींचा.

एकाच मापाचे तीन पत्र्याचे डबे घे. एकाला बाहेरून चमक नसलेला काळा रंग दे, दुसऱ्याला तसाच पांढरा, तिसऱ्याला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळ. नुसता चकचकीत डबा घेऊ नकोस; बऱ्याच डब्यांवर पारदर्शक लाखेचा थर असतो, तो डोळ्याला दिसत नाही पण प्रारण मात्र रंगासारखंच करतो, आणि मग तिन्ही डबे सारखेच गार होतात. प्रत्येकात २५० मिली उकळतं पाणी मोजून ओत, पुठ्ठ्याचं झाकण ठेव, झाकणाच्या भोकातून थर्मामीटर सोड. डबे लाकडी पाटावर एकमेकांपासून फूटभर अंतरावर ठेव, नाहीतर ते एकमेकांवरच प्रारण करतील. दर पाच मिनिटांनी अर्धा तास नोंद घे. काळा आणि पांढरा जवळजवळ बरोबरीने गार होतील, फॉइलवाला मागे राहील.

मग तेच डबे, त्यात नळाचं पाणी, आणि उन्हात अर्धा तास. आता काळा पुढे जाईल, पांढरा आणि फॉइलवाला मागे राहतील. परीक्षक विचारतील की पहिल्या वेळी काळ्यासोबत असलेला पांढरा आता वेगळा का पडला. उत्तर असं दे: उकळत्या डब्याचे किरण १० मायक्रोमीटरच्या आसपासच्या लांबीचे आहेत आणि तिथे पांढरा रंगही काळ्याइतकाच पुरता उत्सर्जक आहे, उन्हाची बरीचशी ऊर्जा २.५ मायक्रोमीटरच्या आत असते आणि तिथे पांढरा परतवतो, काळा शोषतो.

प्रयोग फसतो तो बहुधा झाकण विसरल्याने, कारण वाफेतून जाणारी उष्णता प्रारणापेक्षा जास्त असते आणि डब्यांमधला फरक तिच्यात बुडून जातो. दुसरं कारण वर्गातला पंखा. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पंखा बंद करू देणार नसतील तर तिन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा कर, आणि पाऱ्याऐवजी लाल अल्कोहोलचे थर्मामीटर घे; पण ते ११० अंशांपर्यंतचे आहेत ना, हे दुकानातच पाहून घे, नाहीतर उकळत्या पाण्यात फुटतील.